पंचवीस वर्षांच्या गाडीबरोबर सात वर्षं

आमच्या गल्लीत माझ्या गाडीबद्दलचे दोन प्रश्न ठरलेले आहेत. पहिला, "ही अजून चालते?" आणि दुसरा, "नवी घ्यायला काय झालं होतं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चालते, आणि चांगली चालते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सात वर्षं लागली. तेच आज लिहितो आहे. आपल्या मंडळातल्या तीन-चार तरुण मुलांनी गेल्या वर्षभरात मला विचारलं, "दादा, अशी एखादी जुनी फास्ट गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" त्यांना प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट सांगावं म्हटलं.

गाडी आहे होंडा सिटी, पहिल्या पिढीची, १.५ व्हीटेक. नोव्हेंबर २००१ ची नोंदणी. हल्लीच्या मुलांना सिटी म्हणजे एक शांत, घरगुती सेडान वाटते. पण त्या काळी ही गाडी वेगळीच होती. दीड लिटरचं इंजिन, १०६ अश्वशक्ती आणि वजनाला हलकी बॉडी. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या तेव्हा साठ-सत्तर अश्वशक्तीच्या असत. २००३ च्या अखेरीस नवी सिटी आली, तिच्या इंजिनाची ताकद होती ७७. ती पेट्रोल कमी प्यायची, आत जागा भरपूर होती आणि विकलीही भरपूर गेली. पण ज्यांना गाडी चालवायची हौस होती, ते जुन्या व्हीटेकच्या मागे लागले, ते आजतागायत.

मी सहावीत असताना टिळकवाडीत आमच्या शाळेच्या रस्त्यावर अशी एक गाडी उभी असायची. शाळा सुटल्यावर मी दोन मिनिटं थांबून तिच्याकडे बघायचो. पुढे बीई झालो, पुण्यात नोकरी केली, परत बेळगावला आलो, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरातल्या एका गृहस्थांकडे तशीच गाडी मिळाली. किंमत १ लाख ४० हजार. बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "पगार चांगला झाला की माणूस भंगार घ्यायला लागतो काय रे?"

बाबांनी ३४ वर्षं उद्यमबागेत लेथवर काम केलं. लोखंड त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी महिनाभर गाडीला हात लावला नाही.

दोन स्वभावांचं इंजिन

व्हीटेक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे.

इंजिनात हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची दारं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. ही दारं कधी उघडायची, किती उघडायची, किती वेळ उघडी ठेवायची, हे कॅमशाफ्टवरच्या उंचवट्यांचा आकार ठरवतो. आता अडचण अशी, की गावात हळू चालताना दारं थोडी आणि थोडाच वेळ उघडलेली बरी, तर इंजिन जोरात फिरत असताना ती मोठी आणि जास्त वेळ उघडायला हवीत. एकच आकार दोन्हीकडे चालत नाही. म्हणून बहुतेक इंजिनं मधला मार्ग काढत.

होंडाने १९८९ मध्ये जपानमधल्या इंटिग्रा गाडीत यावर उपाय आणला. कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे ठेवले, एक सौम्य आणि एक उंच. कमी फेऱ्यांवर सौम्य उंचवटा काम करतो. फेऱ्या वाढल्या की गाडीचा संगणक एक छोटा सोलेनॉइड उघडतो, ऑइलचा दाब आत जातो, तो दाब एक पिन सरकवतो, आणि ती पिन बाजूबाजूच्या रॉकरना एकत्र जोडते. मग व्हॉल्व्ह उंच उंचवट्याप्रमाणे उघडू लागतात. हे सगळं क्षणात होतं. चालवणाऱ्याला जाणवतं ते एवढंच, की वरच्या फेऱ्यांत इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडीला नवा दम मिळतो.

माझ्या गाडीत तो दम नव्हता.

चूक नव्हती, अट पूर्ण होत नव्हती

उन्हाळ्यात गाडी कधी छान पळायची, कधी नाही. जून उजाडला, बेळगावचा पाऊस सुरू झाला आणि व्हीटेक जवळजवळ बंदच पडलं. ॲव्हरेज साडेआठ किलोमीटरवर आलं. मी हायवेला निपाणीपर्यंत जाऊन यायचो, इंजिन फेऱ्या घ्यायचं, पण आवाज बदलायचा नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. आधी एरर कोड बघायचे, ही सवय. त्या काळच्या होंडा गाड्यांत आताच्यासारखं मोबाइलला जोडायचं यंत्र चालत नाही. डॅशबोर्डखाली दोन पिनांचा एक छोटा कनेक्टर असतो. त्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या, चावी फिरवायची आणि चेक इंजिनचा दिवा बघत बसायचं. दिवा लुकलुकतो, त्यातले लांब लुकलुक म्हणजे दहम, आखूड म्हणजे एकम. दोन लांब आणि एक आखूड म्हणजे २१, व्हीटेकच्या सोलेनॉइडचं सर्किट. दोन लांब, दोन आखूड म्हणजे २२, ऑइलच्या दाबाचा स्विच. मी वही-पेन घेऊन बसलो. दिवा लुकलुकलाच नाही, नुसता पेटून राहिला. म्हणजे संगणकाच्या मते गाडीत काहीच दोष नव्हता.

मग मी सोलेनॉइड काढून त्याची जाळी साफ केली. ऑइल बदललं. ऑइलचा दाब मोजून घेतला, तो ठीक होता. प्लग, वायरी, एअर फिल्टर, सगळं नवं. एका गॅरेजमध्ये मला इंजिन खोलायला सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी संगणकच बदलायला सांगितला. त्याची सेकंडहँड किंमत ऐकून मी घरी आलो.

त्या रविवारी पहिल्यांदाच बाबा गाडीत बसले, औषधं आणायची होती म्हणून. भर पावसात तिसऱ्या रेल्वे गेटपासून गणपत गल्लीपर्यंत गेलो, परत आलो. घराशी उतरताना ते म्हणाले, "तुझ्या गाडीचा तो काटा वर का येत नाही?"

"कुठला काटा?"

"तापमानाचा. अर्ध्या तासात जरासुद्धा हलला नाही. मशीन गरम होत नाही म्हणजे काहीतरी चुकतंय."

मी तो काटा रोज बघत होतो. खाली आहे, म्हणजे इंजिन थंड आहे, म्हणजे चांगलंच आहे, असं समजत होतो. काटा वर गेला तर घाबरायचं, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं आणि हसले. "हे बघा की, आत कायबी नाही. कुणीतरी काढून टाकलाय."

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेवरचा एक स्वयंचलित दरवाजा. इंजिन गार असताना तो बंद राहतो, त्यामुळे कूलंट रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन लवकर तापतं. योग्य तापमान आलं की तो उघडतो. आपल्याकडे पूर्वीपासून एक समज आहे, की हा भाग थंड देशांसाठी असतो, आपल्या उन्हात त्याची गरज नाही. गाडी एकदा तापली की तो काढून फेकून देणं हा अनेक ठिकाणचा हमखास उपाय. माझ्या गाडीतला कुणी आणि कधी काढला, देव जाणे.

आता सगळं जुळलं. व्हीटेक सुरू करण्याआधी संगणक काही अटी तपासतो. फेऱ्या पुरेशा आहेत का, इंजिनावर भार आहे का, गाडी पुरेशा वेगात आहे का, आणि कूलंट पुरेसं तापलेलं आहे का. पावसातल्या गार हवेत, थर्मोस्टॅट नसलेलं माझं इंजिन ती शेवटची अट कधी पूर्णच करत नव्हतं. शिवाय इंजिन अजून गारच आहे असं समजून संगणक जास्तीचं पेट्रोल सोडत होता, म्हणून ॲव्हरेज पडलेलं. ऑइलही नीट तापत नव्हतं, त्यामुळे त्यात साचलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नव्हतं. संगणकाच्या दृष्टीने हा दोष नव्हताच. सगळे सेन्सर खरं तेच सांगत होते. तपासण्यासाठी मी प्रोग्रॅम शोधत होतो, आणि बाबांनी फक्त काटा बघितला.

नवा थर्मोस्टॅट आणि गॅस्केट मिळून ११०० रुपये लागले. संध्याकाळी बाबांना घेऊन हायवेला गेलो. काटा अर्ध्याच्या जरा खाली येऊन थांबला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढली आणि आवाज बदलला. बाबा म्हणाले, "हं. आता चालतंय मशीन." त्यानंतर ते या गाडीला भंगार म्हणाले नाहीत. ॲव्हरेज बारापर्यंत आलं.

चोर्ल्याचा उतार

इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना हौसेने सांगतो. पुढची फारशी सांगत नाही.

थर्मोस्टॅटच्या यशाने मी हवेत गेलो. त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, इंजिन माउंटिंग बदलले, ते आवश्यकच होतं. पण त्याबरोबर चांगला सायलेन्सर, भारी एअर फिल्टर आणि अलॉय चाकंही घेतली. नव्या चाकांवर जुनेच टायर चढवले, कारण त्यांची नक्षी शिल्लक होती. सगळे मिळून ८४ हजार रुपये झाले.

फेब्रुवारी २०२०. मी आणि बायको पणजीला निघालो. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट. रस्ता मोकळा होता, गाडी सुरेख चालत होती. उतारावर मी तिसऱ्या गिअरमध्ये वेगात जात होतो आणि प्रत्येक वळणाला ब्रेक मारत होतो. सात-आठ वळणांनंतर ब्रेकचा पेडल मऊ लागला. पुढच्या वळणाला तो जवळजवळ तळाला गेला आणि गाडीचा वेग जेमतेम कमी झाला.

मी पेडल भराभर दोन-तीनदा दाबला, दुसरा गिअर टाकला, मग पहिला, आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला, गटाराला लागून उभी केली. समोरून त्या वेळी काही आलं नाही. आलं असतं तर हा लेख लिहिला गेला नसता, एवढंच म्हणतो.

चाकांतून जळका वास येत होता. पाऊण तास आम्ही कठड्यावर बसलो. ती काही बोलली नाही. गाडी गार झाल्यावर पेडल परत कडक झाला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत केरीपर्यंत उतरलो. तिथे चहा घेताना तिने विचारलं, "इंजिनावर किती खर्च केलास आतापर्यंत?"

मी आकडा सांगितला.

"आणि ब्रेकवर?"

मी काहीच बोललो नाही, कारण उत्तर शून्य होतं.

झालं होतं ते असं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं, हा त्याचा गुणधर्मच आहे. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात थोडंसं पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. सतत ब्रेक मारल्याने कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पेडल तळाला जातो आणि दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. गार झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि सगळं ठीक वाटतं. हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझ्या गाडीतलं किती वर्षांचं होतं माहीत नाही, काढलं तेव्हा ते काळ्या चहासारखं होतं. ऑइलचा डबा काही शे रुपयांचा असतो.

परत आल्यावर खर्चाच्या तक्त्यात तिने दोन रकाने केले. 'पळण्यासाठी' आणि 'थांबण्यासाठी'. दुसरा रकाना पूर्ण झाल्याशिवाय पहिल्यात काही लिहायचं नाही, हा घरचा नियम झाला. तो आजही आहे. ब्रेकचे पाइप, कॅलिपरचे रबर, डिस्क, मागच्या ड्रमचे लायनर, चार टायर, सस्पेन्शनचे बुश आणि शॉकॲब्सॉर्बर, असे ६८ हजार रुपये त्या रकान्यात गेले. गाडी जास्त वेगाने पळेनाशी झाली का? नाही. पण ती पहिल्यांदाच माझ्या विश्वासाची झाली.

घ्यायचीच असेल तर

माझ्या चुकांमधून तयार झालेली ही यादी.

पहिली गोष्ट, इंजिन गार असताना गाडी बघायला जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. सुरू करताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थांबतच नाही असा पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर गॅस्केटचा संशय घ्या. शक्य असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत.

दुसरी, रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडून आत बघा. हिरवं किंवा लाल कूलंट असेल तर मालकाने काळजी घेतलेली आहे. गंजाचं तांबडं पाणी असेल तर नळाचं पाणी ओतलं आहे. आणि काटा बघा. तो वर गेलेला चालत नाही, तसाच खाली पडून राहिलेलाही चालत नाही.

तिसरी, टायरची नक्षी नाही, जन्मतारीख बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१६ लिहिलं असेल तर तो टायर २०१६ च्या २३ व्या आठवड्यातला. रबर उभ्या-उभ्याही म्हातारं होतं. माझे टायर नक्षीने तरुण आणि वयाने नऊ वर्षांचे होते.

चौथी, टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. अशा इंजिनात हा बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि मग इंजिनाचाच खर्च येतो.

पाचवी, रबराचे सगळे पाइप. यात आता एक नवी भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या बेळगाव-कोल्हापूरच्या उसाचं त्यात योगदान आहे, त्याचा आनंदच आहे. पण २००१ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. जुने पाइप आणि सील इथेनॉलने कडक किंवा फुगीर होऊ शकतात, आणि पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. मी टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाकले आहेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल त्यात साठवून ठेवत नाही.

सुट्या भागांची फार भीती बाळगू नका. पुण्यात नाना पेठ, बंगळूरला जे. सी. रोड, दिल्लीत काश्मिरी गेट, असे बाजार आहेत. पण दुकानात जाऊन "सिटीचा सेन्सर द्या" म्हणू नका. प्रत्येक भागाला कंपनीचा क्रमांक असतो, तो शोधून, लिहून घेऊन जा. मी तीनशेहून जास्त भागांचा तक्ता केला आहे. कोणता भाग दुसऱ्या कोणत्या गाडीचा बसतो, हेही त्यात आहे. न मिळणारी एखादी बुश किंवा ब्रॅकेट उद्यमबागेत बनवून मिळते. आपल्या गावाची ही श्रीमंती आहे, आणि ती मला गाडीमुळे कळली.

कोल्हापूर परराज्य आहे

आता कागद. आपल्या सीमाभागातल्या माणसाला कोल्हापूर कधी परकं वाटलं नाही. आरटीओला मात्र ते परराज्य आहे.

दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवायची तर तिची इथे नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधीच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २८. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मग इथला आजीवन कर, गाडीच्या वयाप्रमाणे कमी झालेल्या दराने, पण भरावा लागतोच, जरी गाडीने महाराष्ट्रात तो आधी भरलेला असला तरी. त्यानंतर एमएच ०९ ची केए २२ होते. माझे यात चार महिने गेले. म्हणून पैसे देण्याआधी आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. जुन्या गाड्यांत इंजिन बदललेलं असतं आणि कागदावर चढवलेलं नसतं. गाडीवर कर्जाचा बोजा उरला आहे का, दंड बाकी आहेत का, तेही बघा.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. माझी २०२१ मध्ये वाढवली तेव्हा शुल्क ६०० रुपये होतं. एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना १० हजार. विम्याचंही तसंच. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालकाने संमतीने ठरवायची असते, आणि इतक्या जुन्या गाडीला बहुतेक वेळा फक्त थर्ड पार्टी विमाच मिळतो. म्हणजे गाडी ठोकली, तर आपला खर्च आपणच करायचा.

आवाजाचंही सांगतो. तो भारी सायलेन्सर मी काढून टाकला. गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला कायद्याने परवानगी नाही, हे एक. आणि शेजारच्या आजींनी एकदा मला विचारलं, "बाळा, तुझी गाडी बिघडलीय काय रे? फार ओरडते." हे दुसरं आणि जास्त महत्त्वाचं.

पुढच्या सीटवर कोण बसणार

२०२१ मध्ये आम्हाला मुलगी झाली. त्यानंतर आमच्या घरात या गाडीवरून एकदाच, पण खरा वाद झाला.

माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. पत्रा पंचवीस वर्षांपूर्वीच्या विचाराने बनवलेला आहे. मी कितीही ब्रेक बदलले तरी समोरचा ट्रक चुकीच्या बाजूने आला तर आजची साधी हॅचबॅकसुद्धा माझ्या गाडीपेक्षा आतल्या माणसांना चांगलं सांभाळेल. हे मला मान्य करायला जड गेलं. मी म्हणत होतो, "मी हळू चालवीन." ती म्हणाली, "चोर्ल्याला तू काय हळू चालवत होतास?"

आम्ही सहा एअरबॅगची एक छोटी नवी गाडी घेतली. मुलगी हायवेला त्याच गाडीतून जाते, तिच्या सीटमध्ये, पट्टा लावून. सिटीत ती फक्त गल्लीच्या टोकापर्यंत बसते, तीही मागे. हा नियम मोडायला मी एकदाही सवलत मागितली नाही. जुनी वेगवान गाडी घरातली एकुलती एक गाडी असू नये, असं माझं आता स्पष्ट मत आहे. दुसरी गाडी परवडत नसेल, तर ही घेऊ नका. आणि तिला पळवायची हौस असेल तर ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या करी ट्रॅकवर भागवा. बेळगाव-निपाणी रस्ता त्यासाठी नाही.

हिशेब

खरेदी १ लाख ४० हजार. पहिल्या वर्षाची दुरुस्ती १ लाख ५२ हजार. पुढची सहा वर्षं, वर्षाला सरासरी ३५ हजार, म्हणजे २ लाख १० हजार. एकूण ५ लाख २ हजार, पेट्रोल आणि विमा सोडून. आज विकली तर कुणी हौशी माणूस दीड लाख देईल. कुणी तुम्हाला सांगत असेल की अशी गाडी म्हणजे गुंतवणूक आहे, तर त्याला स्वतःची गाडी विकायची आहे, एवढंच समजा.

मग मिळालं काय? मला माझं काम थोडं जास्त चांगलं कळू लागलं. एरर दिसत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं, हे मी ऑफिसात नव्या मुलांना थर्मोस्टॅटच्या गोष्टीवरून सांगतो. हाताने काम करणाऱ्या माणसांशी बोलायला शिकलो. आणि बाबा मिळाले. बीई झाल्यापासून आमच्या दोघांच्या बोलण्यात जेवण आणि तब्येत सोडून विषय उरला नव्हता. आता रविवारी सकाळी ते स्टूल घेऊन गाडीशेजारी बसतात. मागच्या महिन्यात मी मागच्या ड्रमचा व्यास मोजत होतो, तर त्यांनी माझा डिजिटल कॅलिपर बाजूला ठेवला आणि आपल्या जुन्या पेटीतला व्हर्नियर काढला. दोन्हींचं माप सारखंच आलं. त्यांना त्याचा जरा जास्तच आनंद झाला.

येत्या नोव्हेंबरात नोंदणी पुन्हा वाढवायची आहे. दहा हजार रुपये, तपासणी, पीयूसी. बायकोने तक्त्यात ती रक्कम कुठल्या रकान्यात टाकायची ते विचारलं. पळण्यासाठी की थांबण्यासाठी? आम्ही अजून ठरवलेलं नाही. तोवर ब्रेक ऑइल बदलायची तारीख आली आहे. ते या रविवारी.